ऋण न काढता सण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. घर चालवण्याची आहे. म्हणून चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी घरातलाच विषय निवडला. संक्रांतीचा सण आणि त्याचा खर्च, यावर मी चार शब्द बोलणार आहे. कोणाला शिकवावे एवढी मी मोठी नाही. पण जे रोज पाहते ते आपल्यापुढे मांडते.

‘ऋण काढून सण’ ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो. ती दुसऱ्याला हसण्यासाठी वापरतो. पण संक्रांत जवळ आली की तीच म्हण आपल्या उंबऱ्याशी येऊन उभी राहते.

आपल्या लोणावळ्याचे पाहा. नाताळ आणि ३१ डिसेंबर आला की मुंबई-पुण्याचे पाहुणे लोटतात. बंगले उजळतात, हॉटेलांत जागा मिळत नाही. त्या दिवसांत आपल्यातल्या कित्येकजणी बंगल्यांवर, हॉटेलांत, चिक्कीच्या पुड्या भरायला कामावर असतात. दुसऱ्यांचा सण उरकून दमलेली बाई घरी येते, तो पंधरा दिवसांत आपली संक्रांत. महिना निम्मा सरलेला, पगार किराण्यात आणि मुलांच्या फीत गेलेला. आणि समोर यादी तयार: काळी साडी, वाणाच्या वस्तू, बाळ असेल तर त्याचे बोरन्हाण, हलव्याचे दागिने, तिळगुळाचे डबे. मग कोणी बचत गटातून उचल घेते, कोणी दुकानदाराच्या वहीत नाव लिहिते. चैत्र उजाडला तरी संक्रांत फिटत नाही.

भगिनींनो, माझे म्हणणे एवढेच आहे की, हा खर्च संक्रांतीचा नाही. तो आपण संक्रांतीला चिकटवला आहे. आपल्या सगळ्या सणांत संक्रांतीइतका स्वस्त सण दुसरा नसेल. कारण तो बाजारातून निघालेला नाही, शेतातून निघालेला आहे.

सुगडात आपण काय भरतो? हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, पावट्याच्या शेंगा, गव्हाच्या ओंब्या, वर चिमूटभर तीळ. मातीचे सुगड आणि पौषात रानात जे पिकते ते. जे भरपूर आहे तेच देवापुढे ठेवावे आणि तेच शेजारणीला द्यावे, हे ठरवणाऱ्या बायका आपल्यापेक्षा शहाण्या होत्या. हिवाळ्यात बाई कशी संसार करते हे त्यांना ठाऊक होते.

मुले विचारतात, संक्रांत कधी १४ जानेवारीला येते, कधी १५ ला, असे का? २०२४ साली ती १५ ला होती, २०२५ साली १४ ला. बाकीचे सण चंद्रावर चालतात, ही सूर्यावर चालते. सूर्य मकर राशीत कधी शिरतो यावर तिचा दिवस ठरतो, आणि तो हळूहळू पुढे सरकत आला आहे. दिवस मोठा होऊ लागतो तो खरा २२ डिसेंबरच्या सुमारास. पण वाढ इतकी थोडी असते की आपल्या ध्यानात येईपर्यंत संक्रांत उजाडते. तोवर सकाळी अंधारच असतो, पण संध्याकाळी दिवा लावायला थोडा उशीर चालतो. दिवस तिळातिळाने वाढतो असे म्हणतात ते उगीच नाही. एवढ्याशा उजेडाचा हा सण आहे. त्याला मोठ्या रोषणाईची गरज नाही.

आता भोगीचे ताट पाहू. आपले मावळ भाताचे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात बाजरी कशी तगेल? पण भात निघाला की त्याच खाचरांतल्या ओलीवर पावटा, हरभरा, मसूर येतो. पौषात मळवली, कार्ले, कामशेतकडून शेंगांच्या पाट्या येतात. डोंगराकडच्या वाड्यांत कारळे होतात, त्याची चटणी. इंद्रायणी तांदूळ तर आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला, १९८७ सालचा. त्याची मूगडाळ घातलेली मऊ खिचडी. बाजरी येते शिरूर-जुन्नरकडून, गूळ कोल्हापूर-कऱ्हाडकडून, तीळ खानदेशातून. भोगीच्या एका ताटात अर्धा महाराष्ट्र येऊन बसतो, आणि तरी ते ताट गरिबाला परवडते! पावटा, घाटे, वांगी, गाजर, दोनचार बोरे, मूठभर शेंगदाणे आणि तिळाचा कूट, ही भाजी. वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे जुन्या बायका म्हणत. थंडीत अंगाला तेलतूप लागते, आणि तिळात निम्मे तेलच असते. अंगात ऊब धरणारे जेवण त्यांनी सणाच्या नावाने सगळ्यांच्या ताटात घातले.

आता तीळही पूर्वीसारखे स्वस्त राहिले नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणून माझा हिशेब सांगते. पाव किलो तीळ, पाव किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो चिक्कीचा गूळ, एवढ्यात सुपारीपेक्षा थोडे मोठे असे साठ-पासष्ट लाडू होतात. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, शेंगदाणे भाजून सोलून जाडसर कुटावे. गुळात चमचाभर तूप घालून पाक करावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी ताटलीवर वाजली की पाक झाला. मग हात ओले करून घरातल्या सगळ्यांनी बसावे, कारण एकटीने वळायला घेतले तर निम्मे वळून होईतो बाकीचे कढईत दगड होतात. म्हाताऱ्या माणसांच्या दातांना हे लाडू चावत नाहीत. त्यांच्यासाठी साधा गूळ घ्यावा, तो विरघळून फेस आला की लगेच उतरवावा, त्यात तीळ-दाण्याचा कूट मिसळून ताटात थापावा. मऊ वड्या पडतात.

आपल्या गावाला हे सांगायला नको खरे. गुळात दाणे घालायची विद्या तर लोणावळ्याचीच! बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ साली. त्या काळी रेल्वेच्या मजुरांना विकली जाणारी गुडदाणी म्हणजेच आजची चिक्की, असे आपल्याकडे सांगतात. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला थोड्या पैशांत ताकद देणारा तो खाऊ. आज तीच चिक्की रंगीत खोक्यात बसून पाहुण्यांबरोबर मुंबईला जाते. तिचे भले होवो, आपल्या पुष्कळ घरांची चूल तिच्यावर पेटते. पण घरच्या सणाला तरी आपण ती मूळची गुडदाणी विसरू नये.

गुळाच्या पोळ्यांचेही तसेच. एकदा घाट घालून केल्या की चारसहा दिवस टिकतात, शिळ्या झाल्या की जास्त चांगल्या लागतात. मुलांच्या डब्याला तेवढे दिवस पुड्यातली बिस्किटे लागत नाहीत. काटकसर म्हणजे मुलांच्या तोंडचे काढून घेणे नव्हे.

बोरन्हाणाविषयी थोडे बोलते, कारण तरुण सुनांना त्याची हौस असते आणि ती असावीच. बाळाला पाटावर बसवायचे, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे दाणे, उसाचे तुकडे, रेवड्या ओतायच्या, आणि आळीतल्या मुलांनी ते वेचून खायचे. झाले बोरन्हाण! यात पडदे लावणारा, फुगे बांधणारा आणि फोटो काढणारा हे तिघे कधी येऊन बसले, कळलेच नाही. बोरांच्या जागी चॉकलेटे आली. बाळाने हिवाळ्यातली फळे ओळखावी, पोरांनी गर्दी करावी, हा त्यातला हेतू होता. पैशांनी केलेल्या बोरन्हाणात पुष्कळदा पोरांना लांब उभे करतात, फोटो बिघडतो म्हणून.

हलव्याचे दागिनेही घरी होतात. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, हलवा फार सुरेख करतात. मंद शेगडीवर परात ठेवायची, त्यात तीळ किंवा साबुदाणा घालायचा आणि साखरेचा पातळ पाक चमचा-चमचा सोडत बोटांनी हलवत राहायचे. एका बैठकीत होत नाही, दोनतीन दिवस लागतात. हवा कोरडी आणि थंड असली तरच काटा फुलतो. पहाटे उठून करावे लागते. खर्च म्हणाल तर साखरेचा. बाकी सगळा धीराचा.

आता वाणाकडे येते. सगळ्यात मोठे ओझे याचेच आहे.

वाण देण्याला आपल्याकडे आवा लुटणे म्हणतात. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. तिथली मातीची मडकी एकमेकींना द्यायची, असा तो साधा व्यवहार. आता माझ्याबरोबर एक हिशेब करा. समजा एका आळीत आपण एक्केचाळीसजणी आहोत. प्रत्येकीने बाकीच्या चाळीसजणींना वीस रुपयांची एकेक वस्तू दिली, तर एका घराला ८०० रुपये लागले. एक्केचाळीस घरांचे झाले ३२,८०० रुपये. आणि आपल्या घरात आले काय? चाळीस वस्तू. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, चमचे, कुंकवाच्या कुयऱ्या. त्यातल्या चार वापरात येतात, बाकीच्या माळ्यावर जातात, आणि पुढच्या साली त्यातल्याच काही दुसरीच्या ओटीत पडतात. हसू नका, आपण सगळ्याच करतो! जितके दिले तितकेच आपल्याकडे परत आले. कोणी श्रीमंत झाले नाही, कोणाची गरज भागली नाही. मधल्या मध्ये बत्तीस हजार आळीबाहेर गेले.

पण पैसे गेले याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की, वाणामुळे माणसे जातात. आमच्या आळीत एक बाई आहे. नाव सांगत नाही. नवऱ्याचे काम सुटल्यापासून ती संक्रांत ते रथसप्तमी संध्याकाळी दार लावून घेते. आजारी आहे म्हणते. एकदा मी सरळच विचारले, तर म्हणाली, “वहिनी, एकीचे वाण घेतले की तिला परत द्यावे लागते. दहाजणींकडे गेले तर दहाजणींना. घ्यायला तोंड आहे, द्यायला हात नाही.” ज्या सणात ‘गोड बोला’ म्हणायचे, त्या सणात एका शेजारणीला दार लावून बसावे लागते. त्या दारावरची कडी आपण सगळ्यांनी मिळून लावलेली आहे.

आणि दुसरी कडी त्याहून जुनी. ती माझ्याच घरात होती. आत्यांनी आळीतल्या कितीतरी बाळांचे हलव्याचे दागिने केले. मुकुट त्यांचा, बाजूबंद त्यांचे, आणि सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आतल्या खोलीत. कोणी त्यांना जा म्हटले नव्हते. त्या आपणहून उठत. आपणहून उठण्याची सवय बाईला कोण लावते, याचा आपण विचार करावा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचे नाही. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. आपले लोणावळे नगरपरिषदेचे गाव. आपल्याला तसे पत्र आले नाही. पण आपल्या ओसरीवर कोणाला बसवायचे याला सरकारचे पत्र कशाला हवे?

२०२३ च्या संक्रांतीला मी तिळगुळाचे पहिले ताट आत नेले. आत्यांना म्हटले, हलवा तुमचा, सण तुमचा, पहिला मान तुमचा. त्यांनी हळद लावून घेतली, कुंकवाला मात्र हात आडवा केला. मी आग्रह धरला नाही. कपाळ त्यांचे आहे. पण फूल घेतले, वाण घेतले, आणि बाहेर येऊन सगळ्यांच्या बरोबर बसल्या. दोघीजणी लवकर उठून गेल्या. पुढच्या वर्षी त्यातली एक आपल्या विधवा आईला हात धरून घेऊन आली. मी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही. आत्यांनी सरकून जागा दिली.

भगिनींनो, या महिन्याची सुरुवात आपण कोणाच्या नावाने करतो? ३ जानेवारी, सावित्रीबाई फुल्यांची जयंती. त्या १८३१ साली जन्मल्या. मग १२ जानेवारीला जिजाऊंची. दोन्ही दिवशी आपण फोटोला हार घालतो. पुण्यात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी फसलेल्या विधवांसाठी आपल्या घरात आसरा उघडला. ज्या साली घाटातून गाडी सुरू झाली त्याच सालची ही गोष्ट. ३ तारखेला त्यांना हार घालायचा आणि १४ तारखेला विधवा शेजारणीला आत बसवायचे, हे दोन्ही एका महिन्यात शोभत नाही.

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते.

पहिली अशी की, घरोघरच्या हळदीकुंकवाऐवजी संक्रांत ते रथसप्तमीमधल्या एका दिवशी मंडळातच सगळ्यांचे मिळून हळदीकुंकू करावे. ज्यांना घरी करायचे त्यांनी जरूर करावे, पण तिथे वाण ठेवू नये. तिळगूळ आणि फूल पुष्कळ झाले. मंडळात बोलावणे आळीतल्या प्रत्येक बाईला जावे. सवाष्ण, विधवा, नवऱ्याने टाकलेली, लग्न न केलेली, कामासाठी बाहेरगावाहून आलेली, आणि रोज घंटागाडीवर येणाऱ्या बायकाही. ज्यांच्या हातून आपला कचरा जातो त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायला आपण का विसरतो?

दुसरी, वाण एकच असावे आणि ते मंडळाचे असावे. त्यासाठी दाराशी एक बंद डबा ठेवावा. ज्या बाईला जे जमेल ते तिने टाकावे, न जमल्यास टाकू नये, आणि कोणी किती टाकले हे कोणी पाहू नये. जुन्या साडीची शिवलेली पिशवी हे चांगले वाण आहे. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, बाजाराला पिशवी लागतेच, आणि आपल्यात शिवणाऱ्या कितीजणी तरी आहेत. नाहीतर दुधीच्या, घोसाळ्याच्या चार बिया पुडीत बांधून द्याव्या. पावसाळ्यात परसात किंवा पत्र्यावर वेल चढेल आणि श्रावणात देणारीची आठवण निघेल. डब्यात जे उरेल त्यातून शाळेतल्या मुलींना वह्या घ्याव्या.

तिसरी, बचत गटाच्या उचलीविषयी. गट ही आपली ताकद आहे. तो पैसा शिलाई यंत्राला, शेळीला, मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला आहे. सणाच्या देखाव्यासाठी उचल मागायची नाही, असे आपण आपसांत ठरवावे. मात्र कोणी मागितलीच तर तिला हसायचे नाही. तिच्यावर ती वेळ कोणी आणली ते आधी पाहायचे.

यावर कोणी म्हणेल, वर्षाचा सण, हौसमौज नको का? हवी ना! हौस मलाही आहे. पण भोगीच्या आदल्या रात्री सगळ्या घराने पावटे सोलत बसावे, आजीने गोष्ट सांगावी, पोरांनी निम्मे दाणे खावे, बाहेर शेकोटी असावी, मोबाइल तेवढा वेळ फळीवर असावा, याहून मोठी मौज विकत मिळत असेल तर मला दुकान दाखवा. काळी साडी उन्हाची ऊब धरते म्हणून नेसायची. ती मागल्या वर्षीची असली तरी तितकीच ऊब धरते.

आणि गोड बोलणे! त्याला दमडी लागत नाही, पण सगळ्यात अवघड तेच. ज्यांच्याशी गोडच आहे त्यांना आपण तिळगूळ देतो. नळाच्या पाण्यावरून, भिंतीवरून, मुलांच्या भांडणावरून जिच्याशी बोलणे टाकले आहे, तिच्या दारी एक लाडू घेऊन जावे. ती घेईल, न घेईल. आपण जाऊन यावे. माझ्या मते संक्रांतीचा खरा खर्च हाच. तो आपल्याच गाठीतून जातो आणि त्याला कोणाकडून उचल घेता येत नाही.

वाणाविषयीच्या माझ्या सूचनेवर मंडळाने विचार करावा आणि पुढच्या संक्रांतीच्या आत ठरवावे, ही विनंती.